तिमशेटची गादी

तारवलीच्या जुन्या धक्क्यावर, जिथे पायऱ्या संपतात आणि गाव सुरू होतं, तिथे हिरवट दगडाचं एक आसन आहे. पाठ उंच, दोन्ही हातांवर कमळं कोरलेली, खाली सात हत्तींची रांग. आसपासचा सगळा मुलूख तांबड्या जांभ्याचा नाहीतर काळ्या कातळाचा. असा हिरवा दगड इथल्या कुठल्याच डोंगरात नाही. बाहेरगावची माणसं तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, उतरतात, पायऱ्या चढून वर येतात आणि हे आसन दिसलं की त्यांचे हात आपोआप जोडले जातात. कुणी चप्पल काढून ठेवतं, कुणी सोबतच्या मुलांना डोकं टेकवायला सांगतं.

तरीची होडी चालवणारे बुधाजीकाका हे सगळं खालून बघत असतात. आधी होडीची दोरी नीट बांधतात. मग वर येऊन शांतपणे म्हणतात, "हात कित्याक जोडतास? पाय पुसा."

पाहुण्यांना वाटतं, म्हातारा थट्टा करतोय. पण तेवढ्यात ओहोटीवरून परतणाऱ्या बायका डोक्यावर तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, टोपल्या घेऊन पायऱ्या चढतात. गुडघ्यापर्यंत चिखल. एकेकजण आसनापाशी थांबते, बसायच्या जागेवर आधी उजवा पाय घासते, मग डावा, आणि पुढे जाते. आसनाकडे कुणी बघतही नाही. मग पाहुणे बुधाजीकाकांकडे बघतात, आणि काका पायरीवर बसून सांगायला लागतात. त्यांनी ही हकिगत त्यांच्या आजीकडून ऐकली, तिने तिच्या आजीकडून. ती ते अशी सांगतात.

आज धक्क्यावरून समोर पाहिलं तर चिखलाचं मैदान दिसतं. खारफुटी, बगळे आणि मधून एक बारकी पाण्याची रेघ. पण एके काळी तारवली हे मोठं बंदर होतं म्हणे. उत्तरेला घोडेनाक, दक्षिणेला कासवाचं टोक, आणि या दोन डोंगरांच्या मधून आत शिरलेली खोल खाडी. बाहेर कितीही वादळ असलं तरी आत पाणी ताटातल्यासारखं स्थिर. घाटावरून बैलांच्या पाठीवरून मिरी, सुपारी, तांदूळ यायचा. नदीतून सागाचे ओंडके वाहून यायचे. हे सगळं न्यायला अरबांच्या मुलखातून जहाजं यायची. येताना खजूर आणि घोडे आणायची.

बंदराचं वर्ष वाऱ्यावर चालायचं. पावसाचे चार महिने खाडीचं तोंड बंद. गोदामांतल्या मिऱ्याला बुरशी लागू नये म्हणून बायका निखारे घेऊन रात्रंदिवस बसायच्या. पाऊस ओसरला की जहाजं यायची, आणि पुढच्या पावसाचं आभाळ दिसायच्या आत ज्याने त्याने माल भरून निघायचं. उशीर झाला की वारा तोंडावर. चैत्र-वैशाखात तर हवा इतकी दमट की धुतलेलं लुगडं दोन दिवस वाळायचं नाही. गावात वाऱ्याची झुळूक मिळायची ती एकाच जागी, धक्क्याच्या माथ्यावर. आणि ती जागा तिमशेटची होती.

तिमशेट बंदराचा मुख्य व्यापारी. जकातीच्या मांडवीवर त्याचा शब्द चालायचा. त्याच्या अंगाला कधी मिठाचं पाणी लागलं नव्हतं, तरी समुद्राचं सगळं आपल्याला कळतं असं तो समजायचा. चार माणसं हो म्हणायला कायम भोवती असली की माणसाचं असं होतं.

आता दगडांची गोष्ट. खजूर आणि घोडे हा हलका माल. एवढ्यावर जहाज आलं तर वाऱ्यात कलंडेल, म्हणून खलाशी त्याच्या तळात दगड भरायचे. इथे आल्यावर तांदूळ आणि लाकूड भरायचं तर ते दगड आधी बाहेर काढायला हवेत. तारवलीचा जुना दंडक असा होता की ते दगड छोट्या मचव्यांतून कासवाच्या टोकामागे न्यायचे आणि तिथल्या खारभूमीच्या बांधाला लावायचे. खाडीत एक दगडही पडता कामा नये. या कामाला प्रत्येक जहाजामागे चार दिवस लागायचे.

तिमशेटने तो दंडक मोडला. तो म्हणाला, चार दिवस आधी जहाज निघालं तर चार दिवस आधी बाजारात पोचेल. दगड तोंडाशीच, खोल डोहात टाकून द्या. तिथे आठ वाव खोल पाणी आहे. कुणी म्हातारा खलाशी काहीतरी पुटपुटला, तर तिमशेट हसून म्हणाला, "समुद्र कधी दगडांनी भरलाय?" भोवतीचे चौघे हसले, आणि त्या दिवसापासून डोहात दगड पडायला लागले. त्यातलाच एक लांब, हिरवा, गुळगुळीत दगड तिमशेटच्या नजरेत भरला. तेवढा त्याने वर आणवला, कारागीर लावून त्याचं आसन घडवून घेतलं आणि वाऱ्याच्या जागी मांडलं. लोक त्याला तिमशेटची गादी म्हणायला लागले.

गावात आवडाय नावाची बाई होती. चाळिशीची, अंगाने सुकी, बोलायला कमी. तिचा नवरा धाकू तांडेल तिमशेटच्या जहाजावर होता. जहाज हाकायचं, खलाशांना कामाला लावायचं, ते त्याच्याकडे. आवडाय ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढायची. हे काम डोळ्यांचं नाही, पायांचं. बाई गढूळ पाण्यात मागे मागे चालते आणि बोटांनी तळ चाचपते. अंगठ्याला शिंपला लागला की वाकून काढते. अशी वीस-पंचवीस वर्षं खाडीत काढली की घरातली जमीन जशी पायाला ठाऊक असते तसा खाडीचा तळ ठाऊक होतो. कुठे वाळू, कुठे गाळ, कुठे पाय ठेवायचा, कुठे बिलकूल नाही.

दगड टाकायला लागून तीन वर्षं झाली असतील. आवडायला तळ बदललेला लागायला लागला. जिथे कडक वाळू होती तिथे लोण्यासारखा गाळ. तिसऱ्या तर नाहीतच, पण पाय घोट्याच्या जागी पोटरीपर्यंत जाऊ लागला. ती रोज थोडी पुढे जाऊन बघायची. मग तिच्या ध्यानात आलं. ओहोटी ही खाडीची केरसुणी. नदी पावसात जो तांबडा गाळ आणते तो ओहोटी तोंडातून बाहेर झाडून टाकते. आता तोंडाशी दगडांचा ढीग उभा राहिला होता. ओहोटी त्याला अडखळत होती, आणि केर घरातच राहत होता.

तिने धाकूला सांगितलं. धाकू जाळं विणत होता. तो मान वर न करता म्हणाला, "शेटीक शिकवूक जातंस? आधी तिसऱ्यो इकून ये."

"तू तारू वरसून हाकतस," आवडाय म्हणाली. "मी खाडी खालसून बघतंय."

"खालसून बघणाऱ्यांक कोण इचारता?"

धाकूचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याचं पोट शेटवर होतं. पण आवडाय गेली. ओहोटीवरून तशीच, चिखलाच्या पायांनी गेली, कारण तिला वाटलं, पाय बघितले की शेटला समजेल. हा तिचा भोळेपणा. गाळ कुठवर येतो ते तिच्या पोटऱ्यांवर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि ते वाचायची अक्कल त्या मांडवीवर कुणालाच नव्हती.

तिमशेट गादीवर बसला होता. आवडायने खालच्या पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. डोहाचं, ओहोटीचं, गाळाचं. ती म्हणाली, जुना दंडक परत चालू करा, आताशी तीन वर्षं झाली आहेत, ढीग अजून उपसता येईल. तिमशेट तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या पायांकडे बघत होता, आणि त्याने नाकाला उपरणं लावलं होतं.

त्याच्या शेजारच्या एका व्यापाऱ्याने विचारलं, "बाई, तुझ्या दहा बोटांत किती वाव पाणी मावतं?" सगळे पोट धरून हसले.

तिमशेट हसला नाही म्हणे. तो गड्याला म्हणाला, "ही गेली की पायरी धुऊन घे. गोड्या पाण्याने." तारवलीत गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून कावडीने आणायला लागायचं. गावातल्या बाळंतिणीला ते मोजून मिळायचं. मग आवडायला म्हणाला, "पुन्हा आलीस तर पाय धुऊन ये. हे काही चिखलाचं खाजण नाही."

 यावर आवडाय जे बोलली ते तारवलीत अजून लहान मुलांनाही पाठ आहे.

"ज्या चिकलाक तुमी नाक मुरडतास, त्येच्यात तुमचे पाय पडतले त्या दिसापर्यंत ह्ये पाय मी धुवचंय नाय."

ती वळून पायऱ्या उतरली. तिच्या मागे गड्याने पायरीवर गोड्या पाण्याची घागर ओतली. तो आवाज तिने ऐकला, असं सांगतात.

मग तिने खरोखरच पाय धुतले नाहीत. अंगावर पाणी घ्यायची, तोंड धुवायची, पण गुडघ्याखाली पाणी घालायची नाही. खाडीत उतरायची, तो चिखल अंगावरच सुकायचा, त्यावर दुसऱ्या दिवशीचा. टाचा भेगाळल्या. देवळात जायची नाही, बाहेरूनच हात जोडायची. लग्नाच्या मांडवात तिला कुणी बोलवेना. मांडवीवरचे कारकून तिला चिखलाय म्हणायचे, आणि गावातले शहाणेही तसंच म्हणायला लागले. मोठ्यांचं हसू उचलायला गावाला वेळ लागत नाही.

धाकूची पंचाईत झाली. तो म्हणायचा, "अर्धी खाडी हातरुणात आणलंस." पण तिच्या पायांखाली घालायला त्यानेच जहाजावरचा एक गोणपाट आणून दिला, आणि कुणी त्याच्यासमोर चिखलाय म्हटलं की तो हातातलं काम टाकून उभा राहायचा. पुढे कुणी म्हणेनासं झालं, निदान त्याच्यासमोर.

अशी सात वर्षं गेली. दरवर्षी पावसाआधी आवडाय धक्क्यापासून डोहापर्यंत चालत जायची. कुणी सांगितलं नव्हतं, तरी जायची. गाळ पोटरीवरून गुडघ्याला आला, गुडघ्यावरून मांडीला. पण त्या गाळाच्या पोटात जुन्या वाळूचा एक दांडा अजून होता, हातभर रुंद, वाकडातिकडा. तो तिच्या पायांनी शोधून ठेवला होता. गाळात घोटाभर बुडून माणूस त्या दांड्यावरून जाऊ शकत होता. एक पाऊल बाजूला पडलं तर कमरेपर्यंत.

जहाजं आता भरतीच्या ऐन माथ्यावरच आत येऊ शकत होती. परदेशचे नाखवे कुरकुर करायचे. तिमशेट त्यांना सांगायचा की यंदा पाऊस जास्त झाला, पुढच्या वर्षी पाणी वाढेल. समुद्रालाही त्याच्या सोयीने वागायचं असतं असा त्याचा समज होता.

आठव्या वर्षी वैशाखात तिमशेटचं सगळ्यांत मोठं जहाज परत यायचं होतं. गजांतलक्ष्मी त्याचं नाव. त्या जहाजाला तोड नव्हती. धाकू त्याचा तांडेल. तिमशेटने ठरवलं की जहाज समुद्रात असतानाच आपण होडीने जाऊन त्यावर चढायचं आणि वाजतगाजत बंदरात शिरायचं. सोबत व्यापारी, मांडवीवरचे कारकून, ताशेवाले. भरजरी अंगरखा आणि पायात लाल मखमलीचे जोडे.

जहाज घोडेनाकाबाहेर दिसलं तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि ओहोटी लागलेली. तिमशेट आणि मंडळी होडीने जाऊन त्यावर चढली. धाकूने त्याला सांगितलं की संध्याकाळच्या भरतीपर्यंत बाहेर नांगर टाकू. नैर्ऋत्येचं आभाळ काळवंडलं होतं, तेही त्याने दाखवलं. पण वारा यायला अवकाश आहे, भरती आधी येईल, असं तो म्हणाला. तिमशेटला घाम फुटला होता, पाहुणे उन्हात उभे होते, ताशेवाले थांबले होते.

"माझं बंदर आहे," तो म्हणाला. "मी सांगतो ना, आत घे."

धाकूने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सुकाणू वळवलं. तो पुढे आयुष्यभर सांगायचा म्हणे, त्या दिवशी माझं तोंड गप्प राहिलं त्याची मला लाज आहे.

डोहाशी येताच गजांतलक्ष्मीचा तळ दगडांवर चढला. तिमशेटनेच अकरा वर्षं टाकून घेतलेल्या दगडांवर. असा आवाज झाला की गावात बांधलेली गुरं दावं ओढायला लागली. ताशे थांबले. पाणी उतरत गेलं आणि जहाज हळूहळू एका कुशीवर कललं.

चाळीस-पन्नास माणसं त्या कललेल्या फळ्यांना धरून उभी. बाहेरच्या बाजूला दगडांवर लाटा फुटत होत्या, तिथे होडी लागत नव्हती. आतल्या बाजूला धक्क्यापर्यंत नुसता गाळ, वर वीतभर पाणी. त्यात होडी तरंगत नाही आणि माणूस पोहत नाही. दोन खलाशांनी उडी टाकली, ते छातीपर्यंत रुतले, त्यांना दोर टाकून परत ओढलं. आणि आभाळ जवळ येत होतं. भरतीबरोबर वारा आला की जहाजाच्या फळ्या सुट्या होणार, हे धक्क्यावरच्या पोरालाही कळत होतं.

धक्क्यावर गाव जमलं. सगळ्यांनी आवडायला वाट करून दिली. कुणी तिला जा म्हटलं नाही, कारण तसं म्हणायला तोंड नव्हतं. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, आणि बायकांना सांगितलं की तिसऱ्यांच्या जेवढ्या रुंद टोपल्या आहेत तेवढ्या घेऊन कडेला उभ्या राहा. मग खाडीत उतरली. जाताना ती घाई करत नव्हती. पाय सरकवत, थांबत, वळत, जणू अंधाऱ्या घरात भिंत धरून चालते आहे. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, ही बाई पाण्यावर चालते आहे.

जहाजाखाली पोचल्यावर तिने वर पाहिलं. धाकू दिसला. त्याने मान हलवली.

तिने सगळ्यांना सांगितलं, जोडे काढा, अंगरखे काढा, हातात काही घ्यायचं नाही. पुढच्याच्या कमरेला धरा आणि माझ्या पायाच्या खड्ड्यात पाय ठेवा. पाय उचलू नका, सरकवा. खलाशी ताबडतोब अंगरखे काढायला लागले. तिमशेट मात्र कठड्याला धरून खाली गाळाकडे बघत राहिला. मग त्याने दोन दांडग्या खलाशांकडे बोट केलं आणि आपल्याला खांद्यावर घ्यायला सांगितलं.

"खांद्यार घेतल्यानी तर तिघय रुततले," आवडाय खालून म्हणाली. "हय ज्येच्या त्येच्या पायांन चलाचा असता, शेट."

तो उतरला. मखमलीचे जोडे त्याने काढले नव्हते. पहिल्याच पावलाला एक जोडा गाळाने ओढून घेतला, दुसरा चौथ्या पावलाला. मग तो मुकाट्याने आवडायच्या मागोमाग, तिच्या लुगड्याच्या काष्ट्याला दोन्ही हातांनी धरून, पाय सरकवत चालायला लागला. सगळ्या गावाने पाहिलं. धक्क्यावरून कुणी हसलं नाही. ते हसण्याच्याही खालचं होतं.

आता यात एक गोष्ट होती जी फक्त आवडायला ठाऊक होती, आणि धाकूला. वाळूच्या त्या दांड्यावरून एक माणूस गेलं तर दांडा टिकतो. चाळीस-पन्नास माणसं गेली की तो ढवळून सैल होतो. म्हणजे जो शेवटी येणार त्याच्या पायाखाली काही उरणार नाही. आणि जहाजावरून शेवटी उतरतो तो तांडेल.

आवडायने माणसं कडेला पोचवली. शेवटचा खलाशी बायकांच्या हाती दिला आणि मागे वळून पाहिलं. धाकू दोन तृतीयांश वाटेवर मांडीपर्यंत रुतून उभा होता. भरती लागली होती. त्याच्या कमरेभोवती पाणी चकाकत होतं. त्याच्या मागे वाऱ्याची पहिली झोड गजांतलक्ष्मीवर आली आणि एक डोलकाठी मोडून पडली.

ती परत गेली. या वेळी दांड्यावरून नाही, दांडा उरलाच नव्हता. बायकांनी टोपल्या पालथ्या करून एकीपुढे एक सरकवत दिल्या, आणि आवडाय त्यांवर पोटाने पालथी पडून सरकत गेली. धाकूपाशी पोचली तेव्हा पाणी त्याच्या छातीला होतं.

"कित्याक इलंस?" तो म्हणाला.

"आडवो हो," ती म्हणाली. "पाय इसर. पाठीर पड, माका धर."

त्याने पाठ टाकली. एक एक करून पाय मोकळे व्हायला किती वेळ लागला ते कुणी सांगत नाही. दोघं कडेला लागली तेव्हा टोपल्या भरतीवर तरंगत होत्या, आणि डोहाकडे आता फक्त फळ्या दिसत होत्या.

खलाशी, बायका, सगळं गाव कडेला पाण्यात उभं होतं. तिमशेट नव्हता. तो सगळ्यांच्या आधी पोचला होता, सगळ्यांच्या आधी पायऱ्या चढला होता. आपला तांडेल आत राहिला आहे हे बघायला त्याने एकदाही मान वळवली नव्हती. आवडाय धाकूला खांद्याचा आधार देत वर आली, तेव्हा तो गादीवर बसला होता आणि दोन गडी घागरीने त्याच्या पायांवर गोडं पाणी ओतत होते. चिखल हत्तींच्या रांगेवरून ओघळत होता.

तिला बघून तो सावरला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आवडाय, तुझं मी विसरणार नाही. ये, तूही पाय धुऊन घे. पाणी पुष्कळ आहे."

त्याला वाटलं, हे मोठ्या मनाचं बोलणं झालं.

आवडायने धाकूला पायरीवर बसवलं. मग गादीसमोर येऊन उभी राहिली. तिची शपथ पुरी झाली होती. शेटचे पाय त्या चिखलात पडले होते, आता पाय धुवायला कुणाचीच हरकत नव्हती.

"उठा," ती म्हणाली.

शेट उठला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. आवडायने गड्याच्या हातातली घागर हाताने बाजूला सारली.

"पाणी ऱ्हांव दे. बाळंतिणींक दी. माका दगड पुरे."

आणि जिथे तो बसला होता तिथे तिने उजवा पाय ठेवला, आठ वर्षांचा चिखल टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश घासला. मग डावा. शेटकडे तिने पाहिलंही नाही. धाकूला उठवलं आणि घरी गेली. तिच्या मागून खलाशी आले. एकेकाने गादीवर पाय पुसले आणि गेला. मग बायका, मग गाव. तिमशेट बाजूला उभा होता, ओले पाय घेऊन. त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. नुसते पाय पुसले.

त्या पावसात नदीने नेहमीसारखा तांबडा गाळ आणला. तोंडाशी दगड, दगडांवर गजांतलक्ष्मीचा सांगाडा. गाळाला बाहेर जायला वाट उरली नाही. पाऊस संपला तेव्हा एकाही जहाजाला आत येता आलं नाही. पुढल्या वर्षीही नाही. घाटावरचे बैल दुसऱ्या बंदराकडे वळले. तिमशेटने बिऱ्हाड हलवलं. गादी न्यायला माणसं पाठवली होती म्हणे. पण तिला हात लावायला गावातलं कुणी पुढे आलं नाही, आणि आलेल्या माणसांनी तिच्यावरचा चिखल पाहून उचलायला नकार दिला.

बुधाजीकाका इथे थांबतात आणि आसनाच्या पायथ्याशी असलेली संगमरवराची एक फरशी दाखवतात. मागे काही वर्षांपूर्वी तिमशेटच्या वंशातली कुणी मंडळी गाडी करून आली होती. त्यांनी गावाला भाषण दिलं की हे बंदर आमच्या पूर्वजांनी नावारूपाला आणलं, आणि त्यांच्या स्मृतीला ही फरशी बसवली. अक्षरं सोनेरी होती. गावाने त्यांना चहा दिला, नारळ दिला, गाडीपर्यंत पोचवलं. काकांना विचारलं की फरशीवर काय लिहिलं होतं, तर ते सांगतात, ठाऊक नाही. ज्यांचे पाय वरपर्यंत पोचत नाहीत ती लहान मुलं खाली पुसतात, अक्षरं कधीच गेली.

आवडाय म्हातारी होऊन वारली. शेवटपर्यंत तिसऱ्या काढायला जात होती, असं सांगतात, आणि येताना विहिरीवर पाय धूत होती, बाकीच्या बायकांसारखेच. तिचं देऊळ नाही, समाधी नाही. तिने तसं सांगूनच ठेवलं होतं म्हणे, की माझ्या नावाचा एकही दगड कुठे ठेवू नका, या गावात दगड पुष्कळ झाले.

आजही तारवलीत ओहोटीवरून येणारं माणूस, बाई असो, बाप्या असो, गावचा सरपंच असो, गादीपाशी थांबतं. आता धक्क्यावर नळ आला आहे, गोडं पाणी चोवीस तास आहे. तरी आधी दगड, मग नळ. नवी नवरी गावात आली की तिला खाडीत दोन पावलं उतरवतात आणि तिने इथे पाय पुसले की घरात घेतात. इतक्या पायांनी त्या हिरव्या दगडात दोन खळगे पडले आहेत. उजवा जरा जास्त खोल आहे, कारण आवडायने आधी उजवा पाय ठेवला होता.

गोष्ट संपली की पाहुणे उठतात. मघाशी ज्यांनी हात जोडलेले असतात ते जरा ओशाळतात. बुधाजीकाका त्यांच्या चपलांकडे बघतात, कोरड्या, स्वच्छ. मग म्हणतात, तुमी नको. आधी खाली उतरा, मगे येवा.

काही जण खरंच उतरतात.